बंबाचा धूर बरा होता

मंडळी, आज जरा भांडणाचं लिहिणार आहे. नात्यातल्या दोघातिघांनी फोनवर विचारलं, "या वयात शेजाऱ्यांशी कशाला वाकडं घेता?" त्यांनाही हेच उत्तर समजावं.

आमचं घर चवदार तळ्यापासून चार पावलांवर. शेजारचं घर आणि आमचं यांच्यामध्ये जेमतेम दोन हात रुंदीचा बोळ. जुलै 2021 मध्ये महाडात पूर आला, त्यात शेजाऱ्यांचा विजेचा गीझर गेला. त्यांनी गॅसचा घेतला, धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढला, आणि त्याचं तोंड आलं नेमकं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. सकाळी सहा ते आठ त्यांच्याकडे पाच माणसांच्या आंघोळी. त्याच वेळी इकडे माझ्या पोळ्या, आणि ओट्याशेजारच्या टेबलावर अभ्यासाला बसलेली नात.

शेजारी माझाच विद्यार्थी. म्हणतो, "बाई, धूर दिसत नाही, वास येत नाही, मग त्रास कसला?"

माझं भांडण इथंच आहे. लहानपणी आमच्या परसात तांब्याचा बंब होता. लाकडं, करवंट्या घातल्या की मधल्या नळीतून धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे, शेजारच्या काकू ओरडायच्या. कटकट होती खरी, पण तो धूर लपून यायचा नाही. गॅसला पुरेशी हवा मिळाली तर जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. बर्नर कचरला, हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं चिकटतो. आधी डोकं जड, मग मळमळ, गरगर. आपण म्हणतो पित्त झालं, आणि कोकम सरबत पितो! जानेवारी 2020 मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी गॅस गीझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध पडली, ती वाचली नाही.

बंद न्हाणीघर आणि उघडा बोळ एक नव्हे, हे मलाही कळतं. बाहेर वायू विरून जातो. पण आमच्या बोळावर दोन्हीकडचे पत्रे एकमेकांना भिडलेत, वारा म्हणून नाही. विरायला जागा कुठे आहे? "मग खिडकी लावून घ्या," असाही सल्ला मिळाला. अहो, माझ्या शेगडीलाही हवा लागतेच की.

नातीचं डोकं सकाळी दुखतं. पोलादपूरला मावशीकडे चार दिवस राहिली तेव्हा दुखलं नाही. हा पुरावा नव्हे, चष्म्याचा नंबरही बदलला असेल. डोळे तपासून घेणार आहोतच. पण पुरावा मिळेपर्यंत तिला तिथंच बसवून ठेवायची माझी तयारी नाही.

तो विचारतो, "इतकं अंतर सोडा असं कुठं लिहिलंय?" इंग्लंडात लिहिलंय. पंखा असलेल्या बॉयलरच्या पाइपाचं तोंडसुद्धा तिथं खिडकीपासून निदान 300 मिलिमीटर दूर ठेवावं लागतं. आणि लिहिलेल्याचंच म्हणाल, तर हे तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं 1924 मध्येच केला होता. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना येऊन ओंजळीनं पाणी प्यावं लागलं, आणि कोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. त्या लढ्याशी माझ्या खिडकीची तुलना करायला जीभ धजावणार नाही. पण हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि तो पहिल्या बाकावर बसून ऐकत असे.

पाइप फिरवून पत्र्याच्या वर न्यायचा, एवढंच काम. निम्मा खर्च मी देते म्हटलं. "दिवाळीनंतर बघू, बाई," म्हणाला. दिवाळी होऊन गेली. काल मीच प्लंबरला बोलावलं. त्यानं बोळात वाकून पाहिलं, दोन एल्बो आणि सहा फूट पाइप लागेल म्हणाला. पण घरमालकानं सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.

नातीचं टेबल सध्या माजघरात हलवलंय. तिथं उजेड कमी आहे.