बशीतली चिल्लर कुणाची?

टिप या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे कुणी विचारले की मला 'पोस्त' आठवते. दिवाळीत पोस्टमन, झाडूवाला, सोसायटीचा वॉचमन दाराशी येऊन पोस्त मागत. त्या मागण्यात लाचारी नसे; वर्षभर राबल्याचा हक्क असे. हॉटेलातल्या वाढप्याच्या वाट्याला मात्र पोस्त आली नाही. त्याच्यासाठी इंग्रजी टिप आली आणि तिच्यासोबत 'किती ठेवायची' हा संकोचही आला. बिलाचे काळे पाकीट टेबलावर आले की हसतेखेळते कुटुंब क्षणभर गप्प होते. मुलगा म्हणतो दहा टक्के, सून म्हणते बिलात लावलेच असतील, आणि आमच्या सौ. म्हणतात, 'आधी बिल नीट वाचा.'

तिघांमध्ये सौ.चा सल्ला सर्वांत शहाणपणाचा. कारण हा टेबलावरचा प्रश्न गेल्या काही वर्षांत थेट दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आला आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली : हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसरे नाव देऊनही घेऊ नये, आणि तो न देणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवू नये. हॉटेलमालकांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या व त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि वर प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही भरायला लावला. गिऱ्हाइकाने आपखुशीने टिप द्यावी, सक्ती चालणार नाही, असा निकालाचा आशय. संघटनांनी त्याविरुद्ध खंडपीठाकडे अपील केले.

वर्तमानपत्रांतून याची चर्चा 'ग्राहकाचा विजय' अशी झाली. विजय आहेच. पण सारा जन्म बँकेत खतावण्या तपासण्यात गेल्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो. पैसा निघाला माझ्या खिशातून; तो जमा कुणाच्या खात्यावर झाला?

सर्व्हिस चार्ज जमा होतो मालकाच्या खात्यावर. मालक म्हणतात, आम्ही तो सर्वांत वाटतो. वेटर निदान गिऱ्हाइकाला दिसतो, पण आत भट्टीजवळ उभा असलेला आचारी आणि भांडी घासणारा पोऱ्या यांना टिप कोण देणार? हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. पण 'वाटतो' या शब्दाला पुरावा काय? ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच लागू झाला की टिप आणि सर्व्हिस चार्ज यांतला पैसा नोकरवर्गाला पुरता पोचला पाहिजे आणि त्याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. नाही म्हणायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयकराच्या एका खटल्यात म्हटले होते की, कार्डावर दिलेली टिप मालकाच्या हातून नोकराकडे गेली, तरी ती मालकाने दिलेला पगार ठरत नाही. तो पैसा मालकाजवळ विश्वस्ताच्या नात्याने असतो. किती काउंटरांवर हे नाते ठाऊक असेल, कोण जाणे.

आणखी एक बारकावा. सोळाशे रुपयांच्या जेवणावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला की होतात सतराशे साठ. पाच टक्के जीएसटी लागतो तो या सतराशे साठांवर, म्हणजे अठ्ठ्याऐंशी रुपये. सर्व्हिस चार्ज नसता तर कर झाला असता ऐंशी. म्हणजे आपल्या औदार्यावरही आपण कर भरतो! त्यातून नावांचा घोळ. २०११ पासून वातानुकूलित हॉटेलांत सर्व्हिस टॅक्स आला. तो सरकारचा. सर्व्हिस चार्ज मालकाचा. जुलै २०१७ मध्ये सर्व्हिस टॅक्स जीएसटीत विरून गेला, तरी 'सर्व्हिस' नावाचे जे काही असेल ते सरकारी, ही समजूत पुष्कळांच्या डोक्यातून गेलेली नाही.

आता दुसरी वाट, जिच्यावर कुठल्याही न्यायालयात भांडण झालेले नाही. साध्या उडुपी हॉटेलात बिल २८७ रुपये झाले की आपण तीनशे देत होतो. बडीशेपेच्या बशीत तेरा रुपये परत येत. त्यातले दहा बशीतच राहत. टिप ही अशी मोडीतून जन्माला येत असे. त्यामागे फारसा विचार नसे, पण वेटरची संध्याकाळ त्यावर भागे. आता आपण मोबाइल उचलतो, चौकोनी ठिपक्यांवर धरतो आणि बरोबर २८७ रुपये जातात. मोडच उरली नाही, तर बशीत काय उरणार? आमच्या भागातल्या एका हॉटेलातल्या वेटरला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की हल्ली बशीत बडीशेपच जास्त असते. काउंटरच्या क्यूआरवर कुणी वीस रुपये जास्त पाठवले, तर ते गल्ल्यात जातात. मागायला कोण जाणार? हे पोऱ्ये गाव सोडून आलेले, हॉटेलाच्याच माळ्यावर झोपणारे. वीस रुपयांसाठी शेठशी वाकडे घेणे त्यांना परवडत नाही.

मुले अमेरिकेत असलेल्या आईबापांचा गोंधळ निराळा. न्यू जर्सीत जावई वीस टक्के ठेवतो हे पाहून छातीत धस्स होते. पण तिथे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकले आहे. काही राज्यांनी ते वाढवले, काहींनी नाही. थोडक्यात, वेटरचा पगारच गिऱ्हाईक देते. आपल्याकडे किमान वेतनातून टिप वजा करण्याची सोय नाही, म्हणून तिथला टक्का इथे आणण्याचे कारण नाही. याउलट टॅक्सीच्या अॅपवर गाडी येण्याआधीच टिप मागण्याचा प्रकार निघाला, तो मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनाही खटकला आणि कंपनीला नोटीस गेली. सेवेआधी दिलेल्या पैशाला आमच्याकडे बोली म्हणत, टिप नव्हे.

मग किती ठेवायची? माझा हिशेब असा. उडुपीत नाश्त्याला दहा-वीस. कुटुंबाचे जेवण असेल तर कराआधीच्या रकमेवर पाच ते दहा टक्के. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल, तर मॅनेजरला बोलावून तो काढायला सांगतो. बिचाऱ्या वेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही, बिल त्याने छापलेले नसते. मॅनेजर अडून बसला तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे. आणि वाचलेले पैसे, हे महत्त्वाचे, खिशात परत घालत नाही. वेटरच्या हातात देतो. जेवण उशिरा आले म्हणून टिप कापू नये, तो दोष स्वयंपाकघराचा. उद्धटपणा मात्र त्याचा स्वतःचा. थाळीच्या हॉटेलात माझी पंचाईत होते : पोळीवाला वेगळा, आमटीवाला वेगळा, आग्रह करणारा तिसराच. तिथे मी तिघांनाही देतो आणि सौ. दुसरीकडे बघतात.

यासाठी रोख लागते, तीही सुटी. एटीएममधून दहाच्या नोटा काही मिळत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा माझ्या जुन्या शाखेत जातो आणि दहाच्या कोऱ्या नोटांचे एक पुडके घेतो. काउंटरवरचा नवा मुलगा विचारतो, 'काका, घरात लग्न आहे का?'