वारकऱ्याच्या हाती आम्ही काय देतो?

आषाढीचे वेध लागले की त्र्यंबकेश्वरहून निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखी नगर ओलांडून कर्जत तालुक्यातील मिरजगावी येते. ज्ञानोबारायांच्या थोरल्या बंधूंचा, किंबहुना गुरूंचा हा सोहळा. अशा वेळी वाटेवरच्या गावांतून कोणी राजगिऱ्याचे लाडू, कोणी केळी, कोणी शेंगदाणे-गूळ वारकऱ्यांच्या हाती ठेवतो. या दानाविषयी आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न आहे तो दान ज्या पिशवीतून दिले जाते तिचा.

वारकरी घरून निघतो तो खांद्यावर पडशी घेऊन. प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या हाती देतो ते आम्ही गृहस्थाश्रमी! पालखी पुढे सरकते आणि उरल्यासुरल्या अन्नासह त्या पिशव्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात. अन्नाच्या वासाने गाय येते आणि पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाही. तिच्या पोटात त्याचे गोळे साठत जातात. वसुबारसेला जिच्या कपाळी आम्ही कुंकू लावतो, तीच ही गाय. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून अशा पिशव्यांवर बंदी घातली. परंतु जेथे घरचा विवेक जागा नाही तेथे कायदा तरी किती पुरणार?

यावर आमच्या माताभगिनींच्या हाती सोपा उपाय आहे. जुनी सुती नऊवारी मधोमध विरते, पण तिचे काठ घट्ट विणीचे असल्याने शाबूत राहतात. त्या काठांचे बंद करावेत आणि धड राहिलेल्या कापडाच्या पिशव्या. अठरा इंच रुंद, चाळीस इंच लांब तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात, तोंडाशी नेफ्यासारखी दुमड घालावी. पिशवी फाटते ती बहुधा बंदाच्या मुळाशी. म्हणून तेथे चौकोनी शिलाई घालून मध्ये फुली मारावी. शिवणयंत्र नसेल तर सुईदोऱ्याची उलटी टीपही चांगली टिकते. एका लुगड्यात डझनभर पिशव्या सहज निघतात.

कोणी म्हणेल, दानाला जुने वस्त्र कसे चालेल? शंका रास्त आहे. परंतु जुन्या लुगड्यांची गोधडी आपण पाहुण्याला अंथरतोच ना! स्वच्छ धुतलेले, धड कापड निराळे आणि जीर्ण चिंधी निराळी. तरीही मन मानत नसेल तर मांजरपाट आणावा. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात, त्यांना मात्र भुलू नये. ते कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन आहे. उन्हाने त्याचा भुगा होतो आणि तो मातीत जसाच्या तसा राहतो.

घरातील जुने लुगडे म्हणजे बहुधा आईचे किंवा सासूबाईंचे. त्यांना पंढरीची वारी घडली असेल वा नसेल. त्यांच्या लुगड्याची पिशवी वारकऱ्याच्या खांद्यावरून चंद्रभागेपर्यंत जाईल. आषाढ लागण्याआधी ट्रंक उघडायला हवी, कारण कापड धुऊन, वाळवून, बेतायला चार दिवस लागतातच.