नव्या प्रशिक्षकाला वेळ द्या, पण प्रश्नही विचारा

यंदा आपल्या शाळेच्या फुटबॉल संघाला नवे प्रशिक्षक लाभले आहेत. त्यांनी आल्या आल्या मुलांना पंधरा दिवस चेंडूला फारसे हातपाय लावू न देता नुसते धावायला लावले आणि जुन्या संघातल्या दोघांना राखीव खेळाडूंत बसवले. लगेच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निकाल लागला. “यांना काही येत नाही”, “वशिल्याने आले असतील”, “जुने सर बरे होते”. पहिला सामना व्हायचा होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही. दुसरीकडे प्रशिक्षकही असे, की कोणी विचारायला गेले तर “मैदानावर बघा” एवढेच बोलून चालू लागायचे. हे सारे पाहताना मला वाटले, की देशाच्या संघांचे प्रशिक्षक आणि वर्तमानपत्रे यांच्यात जे चालते, त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे.

भारतीय फुटबॉलचेच पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. जन्म कुवेतचा, पण खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून कारकीर्द घडली ती मुंबईत. गोव्याचे सावियो मदेरा २०१२ मध्ये या पदावरून गेल्यानंतर सारे परदेशी प्रशिक्षक झाले होते. एवढ्या काळाने भारतीय माणूस त्या जागी आला. याच जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. आदल्या मोसमात तो संघ लीगबाहेर पडण्याच्या वेळेस आला होता! माणूस अतिशय मितभाषी. पत्रकार परिषदेत दोन-तीन वाक्यांत उत्तर संपवणारा.

सप्टेंबरमध्ये त्यांच्या संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा हेच कमी बोलणे म्हणजे साधेपणा ठरले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊनही संघ १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. मग त्याच मौनाचा अर्थ ‘यांच्याकडे उत्तर नाही’ असा लावणे सोपे झाले. माणूस तोच, स्वभाव तोच. बदलला तो फक्त गुणफलक.

आता यात विचारण्यासारखे प्रश्न नव्हते का? भरपूर होते. आघाडी टिकवता का आली नाही, हा एक. आणि त्याहून मोठा प्रश्न प्रशिक्षकाला नव्हे, फुटबॉल महासंघाला विचारायचा होता. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी इंडियन सुपर लीग त्या वर्षी व्यापारी हक्कांच्या करारावरून रखडली होती. ज्यांना आपल्या क्लबकडून नियमित सामनेच मिळत नाहीत, अशा खेळाडूंना घेऊन प्रशिक्षकाने काय जादू करायची? पण महासंघाच्या करारमदारापेक्षा एका माणसाचा चेहरा छापणे सोपे असते.

पत्रकारांनी गप्प बसावे, असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच हे २०१९ ते २०२४ या काळात आपल्या संघाचे प्रशिक्षक होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बातमी दिली, की सामन्याआधी ते खेळाडूंची नावे एका ज्योतिषाला पाठवून सल्ला घेत होते. बातमीला दोघांमधल्या संदेशांचा आधार होता. ही खरी पत्रकारिता. देशाचा संघ कोणत्या निकषावर निवडला जातो, हे जाणण्याचा हक्क आपल्याला आहेच. आधार देऊन लिहिलेली कडू बातमी आणि ‘संघात नाराजी असल्याचे समजते’ अशी बिननावाची कुजबुज, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या कुजबुजीचे काय होते, हे आपल्या बडोद्याइतके कोणाला ठाऊक असणार? खेळ क्रिकेटचा, पण गोष्ट तीच. मे २००५ मध्ये ग्रेग चॅपेल भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. काही महिन्यांतच सौरव गांगुलीविषयी त्यांनी क्रिकेट मंडळाला पाठवलेला खासगी ईमेल वर्तमानपत्रांत झळकला आणि पुढची दोन वर्षे प्रशिक्षक, खेळाडू आणि पत्रकार यांच्यात विश्वास म्हणून उरला नाही. २००७ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला आणि चॅपेल गेले.

त्याच काळात मांडवीच्या मशिदीच्या आवारात वाढलेला आपला इरफान पठाण संघात होता. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याला तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला पाठवले आणि त्याने ८३ धावा ठोकल्या. जानेवारी २००६ मध्ये कराचीच्या कसोटीत पहिल्याच षटकात त्याने हॅटट्रिक घेतली, तेव्हा गावभर फटाके वाजले. पुढे त्याचा स्विंग हरवला आणि गावाने निकाल देऊन टाकला : ‘चॅपेलने फलंदाजीच्या नादी लावून आमचा पोरगा बिघडवला.’ दांडिया बाजारापासून सयाजीगंजपर्यंत चहाच्या प्रत्येक टपरीवर हे वाक्य मी ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतःही बोललो आहे. २०२० मध्ये निवृत्त झाल्यावर इरफाननेच सांगितले, की वरच्या क्रमांकावर पाठवण्याची कल्पना सचिन तेंडुलकरची होती आणि आपल्या कारकिर्दीचा दोष चॅपेलना देणे बरोबर नाही. इतकी वर्षे आपण काय उगाळत होतो? चॅपेलच्या बाकीच्या चुका असतील, होत्याही. पण ही त्यांची नव्हती.

यशाच्या वेळी तर उलटाच न्याय. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले. त्या वेळी संघाचे प्रशिक्षक आपल्या बडोद्याचे अंशुमन गायकवाड होते, हे आपल्यापैकी किती जणांना चटकन आठवले? जिंकले की खेळाडू, हरले की प्रशिक्षक, ही आपली जुनी वाटणी.

आणि प्रशिक्षक जिंकला, तरी जखम भरतेच असे नाही. फ्रान्सचे एमे जॅके यांच्यावर १९९८ च्या विश्वचषकाआधी ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाने टीकेची झोड उठवली होती. जुलैमध्ये त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० असे हरवले. संपादकांनी चूक कबूल केली. जॅके मात्र म्हणाले, की मी त्यांना कधीही माफ करणार नाही. विजयाच्या दिवशीही माणसाच्या तोंडी असे शब्द यावेत, इतके कोणी कोणाला छळू नये.

मग चूक कोणाची? माझ्या मते टाळी एका हाताने वाजत नाही. नव्या प्रशिक्षकाला वाटते, निकाल बोलतील, मी कशाला बोलू? पण तो बोलत नाही तेव्हा त्याच्या जागी अफवा बोलते. पत्रकाराला रोज पान भरायचे असते, म्हणून तो सहा महिन्यांच्या कामाचा निवाडा सहा दिवसांत करतो. आणि आपण वाचक चवीने वाचतो, म्हणून तो तसे लिहितो. यात मधल्या मध्ये भरडला जातो तो खेळाडू. आपल्या संघातल्या राखीव बाकावरच्या त्या दोघा मुलांना आपल्यावर अन्याय झाल्याचे प्रशिक्षकांकडून नव्हे, घरच्या मोबाइलवरून कळले. त्यातला एक आता सरावाला येत नाही. सातवीतले पोर ते! त्याला कोणी समजावून परत आणायचे?

म्हणून शाळेला आणि पालकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रशिक्षकांना हा पहिला मोसम पुरा द्यावा आणि तोवर संघनिवडीची चर्चा गटावर करू नये. दुसरी, प्रशिक्षकांनीही दर शनिवारी सरावानंतर अर्धा तास पालकांसाठी मैदानावर थांबावे आणि मुलाला का वगळले हे आधी त्या मुलाला स्वतः सांगावे. तिसरी, आपल्या भित्तिपत्रकाच्या विद्यार्थी-वार्ताहरांनी प्रत्येक सामन्यानंतर प्रशिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी छापावीत. प्रश्न खेळाचे असावेत, माणसाचे नव्हेत. हरल्यावर विचारतील, तसेच जिंकल्यावरही विचारावेत.

उद्या यातलाच एखादा मुलगा प्रशिक्षक होईल, एखादी मुलगी क्रीडा-पत्रकार होईल. समोरच्याला नीट विचारायचे कसे आणि नीट सांगायचे कसे, हे त्यांना इथेच, आपल्या मैदानाच्या कडेला शिकता येईल. आणि पुढच्या शनिवारी तो सातवीतला मुलगा बूट बांधताना दिसला, तर आपण सगळेच थोडे जिंकलो, असे मी समजेन.