सुरीच्या आधी व्यायाम

‘नस दबली आहे, म्हणजे आज ना उद्या ऑपरेशन ठरलेलंच. व्यायाम म्हणजे वेळकाढूपणा.’ कार्पल टनेल सिंड्रोम झालेल्या बाईला हे घरचे सांगतात, शेजारणी सांगतात, कधी दवाखान्यातही ऐकायला मिळतं. हे सरसकट खरं नाही.

तरी प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मनगटातल्या हाडांच्या कमानीवर एका जाड अस्थिबंधाचं छत असतं. त्या चिंचोळ्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नस जाते. आत सूज आली की नस दबते, अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो. मग छतच कापून नस मोकळी करावी, हे तर्काला धरून आहे. शिवाय वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१२चा आढावाही पुढे केला जातो. त्यात १६ चाचण्या आणि ७४१ रुग्ण होते, आणि व्यायाम व मोबिलायझेशन (हाताने सांधे हलवण्याचे उपचार) यांचा पुरावा तोकडा व फार कमी दर्जाचा असल्याचा निर्वाळा होता.

तो निर्वाळा मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पुरावा अपुरा असणं वेगळं आणि उपाय निकामी ठरणं वेगळं. त्यानंतर २०१५मध्ये स्पेनमध्ये १२० स्त्रियांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांचं ऑपरेशन झालं, निम्म्यांना हाताने केलेले फिजिओथेरपीचे उपचार मिळाले. पहिल्या तीन महिन्यांत फिजिओथेरपीचा गट पुढे होता, वर्षअखेर दोन्ही गट सारखेच होते. ऑस्ट्रेलियातली २०२०ची चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्यातले रुग्ण ऑपरेशनच्याच प्रतीक्षायादीत होते. माहिती, रात्रीची स्प्लिंट आणि घरचा व्यायाम मिळालेल्यांपैकी २४ आठवड्यांत ५९ टक्के ऑपरेशनकडे वळले. नुसतं थांबलेल्यांत ८० टक्के. निम्म्याहून जास्त लोकांना ऑपरेशन लागलंच, हेही त्यात आलं. पण ज्यांचं टळलं, त्यांनी वेळकाढूपणा केला असं कोण म्हणेल?

व्यायामाने बोगदा रुंद होतो असा दावा कोणी जाणता फिजिओथेरपिस्ट करत नाही. हात हलतो तेव्हा नस आणि कंडरा आत सरकायला हव्यात. सूज आली की ते सरकणं अडतं. म्हणून बोटं ताठ, मग आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, पुन्हा ताठ, असा क्रम असतो. नसेसाठी मनगट सरळ ठेवून मूठ, मग बोटं उघडून मनगट हळूच मागे, मग अंगठा बाजूला. ओढ जाणवली की थांबायचं. मुंग्या वाढल्या तर जास्त ताणलं गेलं. बरेच जण मात्र स्पंजचा चेंडू दाबत बसतात. जोरात मूठ आवळल्याने बोगद्यातला दाब वाढतो, आणि मग ‘व्यायाम करून पाहिला, फरक नाही’ म्हणून खापर व्यायामावर फुटतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी स्प्लिंटही तितकीच गरजेची, कारण झोपेत मनगट मुडपलेलं राहिलं तर दिवसाची मेहनत वाया जाते.

मात्र अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला असेल, बधिरपणा चोवीस तास असेल, हातातून वस्तू सुटत असतील, तर व्यायामाच्या नावाखाली दिवस घालवू नयेत. तिथे सर्जनच हवा. मधुमेह, थायरॉइडही तपासून घ्यावेत. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो, त्याची घाई नको.

बाकी सौम्य आणि मध्यम त्रासाच्या रुग्णांना डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख देण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे पाठवावं, व्यायाम कागदावर लिहून न देता समोर करून घ्यावा. आणि ज्यांना तारीख मिळालीच आहे, त्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या अंगठ्याचा स्नायू अजून शाबूत आहे ना? उत्तर ‘हो’ असेल, तर काही आठवडे व्यायाम आणि स्प्लिंट करून पाहू का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावं.