वाडीचा राखणदार आणि आपले कर्तव्य

गोठ्यातील बैलाने सायंकाळी वैरणीस तोंड लावले नाही, तर शेतकऱ्यास रात्री स्वस्थ झोप येत नाही. उजाडताच तो पशुवैद्यास बोलावणे धाडतो. तोच शेतकरी अंगणातील कुत्रा दोन दिवस अन्नावाचून पडला, तरी ‘उन्हाने मलूल झाला असेल, गवत खाऊन बरा होईल’ असे म्हणून कामास लागतो. हा भेद न्याय्य नव्हे व हिताचाही नव्हे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

धाकटी डहाणू व आसपासच्या गावांत कुत्र्यावाचून कोणाचे चालते? किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे तो हाकतो. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या वाडीची रात्रीची राखणही तोच करतो. मात्र जमाखर्चाच्या वहीत त्याचे नाव नसते. म्हणून त्याच्या औषधाचा खर्चही कोणास सुचत नाही.

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. आमच्या वाडीतील काळू भाकरी हुंगून परत फिरू लागला, तेव्हा चिकूची उतरणी चालू होती. तीन दिवस आम्ही ‘उद्या पाहू’ म्हटले. चौथ्या दिवशी ओठ उचलून पाहिला, तो हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचिडांपासून होणारा ताप रक्त आटवितो, हे पशुवैद्याने सांगितले. परंतु तेव्हा वेळ निघून गेली होती. कानामागील गोचिडी आम्ही रोज पाहत होतो, हीच गोष्ट आजही मनास लागून राहिली आहे.

कुत्रा दुखणे लपवितो; म्हणून धन्यानेच ते ओळखावयास शिकले पाहिजे. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. त्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसल्या की विलंब करू नये. (ज्याच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्याच्या डोळ्याची खालची पापणी किंचित ओढून आतील रंग पाहावा.) शांत झोपेत त्याचे श्वास मिनिटास तीसांहून अधिक होऊ नयेत. अंगाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे स्वाभाविक. १०४ च्या पुढे गेल्यास ते गंभीर समजावे. वारंवार ओकारी, रक्तमिश्रित हगवण, फुगलेले पोट, लघवी अडणे, झटके, अथवा सर्पदंशाने आलेली सूज, यांपैकी काहीही दिसल्यास दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. लहान पिलांस हगवण लागली, तर त्यांच्या अंगातील पाणी काही तासांतच आटते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास मुळीच देऊ नयेत. त्यांपैकी कित्येक त्यास विषासमान आहेत.

एक लक्षण मात्र स्वतंत्रपणे सांगणे अवश्य आहे. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळवत नाही, आवाज बदलतो. घरचे लोक म्हणतात, घशात हाड अडकले. आणि कोणी भला माणूस तोंडात हात घालतो. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतो असे नाही. कित्येकदा तो असाच मुका होऊन पडतो. अशा कुत्र्यास हात न लावता, माणसे व गुरे दूर ठेवून पशुवैद्यास कळवावे. ज्यास चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल, त्याने ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगावरील लस प्रथम मनुष्यास दिली. तरीही लक्षणे प्रकट झाल्यावर हा रोग आजही बहुधा असाध्यच आहे. तेव्हा जो काही उपाय करावयाचा, तो आधीच केला पाहिजे.

आमची सूचना अगदी साधी आहे. लाळ्या-खुरकुताची लस टोचण्यासाठी गावात गुरे एकत्र आणली जातात. त्याच सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून कुत्र्यांच्या लसीचाही एक दिवस प्रत्येक गावाच्या सोसायटीने ठरवून घ्यावा. तीन महिन्यांचे पिलू झाले की पहिली टोचणी, व पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे प्रतिवर्षी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी असलेला १९६२ हा निःशुल्क क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

पशुवैद्यास बोलावणे ही श्रीमंतांची हौस आहे असे कोणी म्हणेल. जो प्राणी रात्रभर जागून आपले धन राखतो, त्यासाठी धन्याने सकाळी एकवार ओठ उचलून हिरडी पाहावी, यास पैसा लागत नाही. काळूच्या बाबतीत आम्ही तेवढेही केले नाही. वाचकांनी ते आजच करावे, एवढीच विनंती.