विसर्ग

व्याकरणात विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबे. 'दुःख' या शब्दाच्या पोटात बसलेली ती. गेली अनेक वर्षे मी ती फळ्यावर काढून दाखवीत आलो आहे. परंतु आमच्या शिरोळ तालुक्यात पावसाळा सुरू झाला, की या शब्दाचा अर्थ पालटतो. 'आज विसर्ग किती?' असे कोणी विचारले, तर तो धरणातून सोडलेल्या पाण्याविषयी विचारतो आहे, हे येथे शेंबड्या पोरालाही कळते. एकदा वर्गात मी विसर्गसंधी म्हणजे काय, असे विचारले. मागच्या बाकावरचा एक चिरंजीव उठून म्हणाला, ''सर, कोयनेचा विसर्ग आणि राधानगरीचा विसर्ग नरसोबाच्या वाडीला एकत्र येतो ना, तीच विसर्गसंधी!'' वर्ग हसला. मीही हसलो. भूगोलाच्या पेपरात मी त्याला पुरे गुण दिले असते.

कारण त्याने सांगितले ते खरेच आहे. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी या एका तालुक्याच्या आसपास गोळा होते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, पंचगंगा वाडीला. कोयना तर त्याआधीच कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेच्या गळ्यात पडलेली असते. त्यामुळे कोणत्या धरणाचे दार किती फूट उचलले, याची खबर आमच्याकडे घरोघर लागते. शेजारच्या काकू शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. पण टीएमसी आणि क्युसेक यांचा हिशेब त्या भाजीच्या हिशेबाइतक्या सहज करतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. साडेअकरा हजार क्युसेकचा प्रवाह दिवसरात्र चालला, की सुमारे एक टीएमसी पाणी वाहून जाते. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की चौदाशे अठ्ठावीस क्युसेक, असे सात दरवाजे, हे काकूंना पाठ. हे धरण शाहू महाराजांनी मनावर घेतलेले. त्यात आठ टीएमसीहून थोडे अधिक पाणी मावते. कोयनेत मावते एकशे पाच टीएमसी! म्हणून राधानगरीचे दार उघडले की काकू लोणच्याच्या बरण्या माळ्यावर ठेवतात, आणि कोयनेचे उघडले की स्वतः माळ्यावर जायची तयारी करतात.

शहरातल्या वाचकांना कोयना ठाऊक आहे ती विजेसाठी. ती वीज कशी होते, हे मात्र पुष्कळांना नीट ठाऊक नसते. कोयना आणि कृष्णा या दोघी महाबळेश्वरच्या लेकी. कोयना डोंगरांच्या रांगांमधून दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेला वळते. त्या वळणावर ती सह्याद्रीच्या कड्याच्या अगदी जवळ आलेली असते. पलीकडे खाली कोकण. तेव्हा हेळवाकजवळ नदी अडवायची, साठलेले पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला न्यायचे आणि पोफळीच्या बाजूला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडून द्यायचे, असा हा बेत. त्या उडीच्या जोरावर चाके फिरतात. तेच पाणी धरणातून सरळ पूर्वेला सोडले, तर उडी शंभर मीटरांचीही भरत नाही. सह्याद्रीने एका अंगाला कडा दिला आणि दुसऱ्या अंगाला उतार, त्यातून हे सारे अर्थशास्त्र निघाले.

१९५६ साली बांधकामाला आरंभ झाला आणि १९६४ साली धरण पुरे झाले. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरांवर. पोफळीचे वीजघर डोंगराच्या पोटात कोरलेले. १९६२ पासून तेथून वीज मिळू लागली. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांना खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रांनी वीज पुरवली होती. कोयनेने तो वारसा राज्याच्या मालकीचा केला. पुढे टप्प्यामागून टप्पे झाले. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली भरल्या तलावाच्या तळाला खालून बोगदा भिडवून, शेवटचा खडक सुरुंगाने उडवून पाणी घेतले. आज सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे.

यातली खरी खुबी निराळीच आहे. कोळशाचे वीजघर हे जुन्या एकत्र कुटुंबातल्या चुलीसारखे. एकदा पेटवले की जळतच ठेवावे लागते. थंड झाले तर पुन्हा तापायला कित्येक तास हवेत. पाण्याचे वीजघर मात्र काही मिनिटांत सुरू होते आणि तितक्याच लवकर बंद करता येते. संध्याकाळी दिवेलागणीला सगळा महाराष्ट्र एकदम बटणे दाबतो, त्या घटकेला ही कोयना उपयोगी पडते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुमच्या गॅलरीतल्या दिव्यांच्या माळा लुकलुकू लागतात, त्यात कुठेतरी पोफळीचा वाटा असतो.

पण पश्चिमेला उडी घेतलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. ते कृष्णेला परत येत नाही. पश्चिमेला सोडले तर वीज, पूर्वेला सोडले तर ऊस, असा हा तिढा. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला मर्यादा घालून दिली, ती वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची. बाकीचे पूर्वेला. त्यावर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना दुष्काळी तालुक्यांची तहान भागवतात, आणि नदीकाठच्या आमच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांत उन्हाळ्यातही पाणी राहते. माझा धाकटा भाऊ मळीची जमीन करतो. एप्रिल-मेमध्ये नदी उतरली की तो दिवसातून दोनदा काठावर जाऊन पाहतो. राजापूरच्या बंधाऱ्याला बरगे आहेत ना, वरून पाणी सुटले ना, याचीच चौकशी. मे महिन्यात कोयना त्याची आई असते.

ऑगस्टमध्ये तीच सासू होते. २०१९ सालच्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. धोक्याची पातळी तिथे पंचेचाळीस फुटांची आहे. आमच्या तालुक्यातली गावेच्या गावे बेटे झाली. एरव्ही वाडीला पुराचे पाणी देवळात उत्तरेच्या दाराने शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला आम्ही दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतो. पुराला सोहळा म्हणणारी आमची माणसे. पण त्या वर्षी सोहळा हा शब्द कोणी उच्चारला नाही. भावाचा ऊस आठवड्याहून अधिक काळ पाण्याखाली उभा होता. शेंड्यात गढूळ पाणी शिरले की ऊस आतून कुजतो. पाणी ओसरल्यावर त्या वासाने जेवण जाईना. सौभाग्यवतींनी घर चार वेळा धुतले, तरी भिंतीवरची रेघ गेली नाही. आता त्या रेघेवर आम्ही कॅलेंडर लावतो.

मग दोष कोणाचा? चहाच्या गाड्यावर या प्रश्नाचा निकाल रोज लागतो आणि रोज निराळा लागतो. कोणी म्हणतो, कोयनेने आधीच पाणी सोडायला हवे होते. कोणी खाली कर्नाटकातल्या अलमट्टीकडे बोट दाखवतो. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० साली दिलेल्या अहवालात अतिवृष्टीवर आणि पूरप्रदेशातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले. अलमट्टीला कारण धरले नाही. आमच्याकडे पुष्कळांना हे पटलेले नाही. अलमट्टीची उंची वाढवायची मुभा दुसऱ्या लवादाने २०१० साली दिली, तेव्हापासून येथली झोप हलकी झाली आहे.

मला मात्र धरणावर बसलेल्या त्या अभियंत्याची दया येते. विजेसाठी आणि उन्हाळ्यासाठी धरण भरलेले हवे. पुरासाठी ते रिकामे हवे. जुलैत रिकामे ठेवले आणि पुढे पाऊस रुसला, तर वर्षभर शिव्या. भरून ठेवले आणि पाऊस कोसळला, तर आठ दिवसांत शिव्या. एकाच घागरीने तहानही भागवायची आणि गळतीचे पाणीही धरायचे, असा हा संसार. म्हणून पावसाळ्याच्या प्रत्येक पंधरवड्याला धरणात किती जागा मोकळी ठेवायची, याचा नेम हवा, तो लोकांना माहीत हवा, आणि सांगली-शिरोळपासून अलमट्टीपर्यंत दोन्ही राज्यांचा हिशेब एका वहीत हवा. आणि पूररेषेच्या आत बंगले बांधणाऱ्या आम्हालाही कोणी चार खडे बोल सुनवायला हवेत.

हे सारे मी आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांपुढे एकदा तावातावाने मांडले. ते शांतपणे ऐकत होते. ते कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी. त्यांच्या आईचे माहेर शिवसागर तलावाच्या तळाशी आहे. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, ''सर, तुमच्या घरात पाणी आलं, ते पंधरा दिवसांत उतरलं. आमच्या घरात आलेलं साठ वर्षांत उतरलेलं नाही.''

मी गप्प झालो. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. तोवर कोयनेचे धरण पुरे होऊन बारा वर्षे झाली होती. भात पिकवणारी डोंगरातली माणसे सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी पांगली. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात कोयनानगरची घरे कोसळली आणि सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. धरणाला तडे पडले, पण ते उभे राहिले. त्याची डागडुजी झाली, त्याला बळकटी आणली. माणसांची डागडुजी मागे राहिली. अर्धशतक उलटल्यावरही धरणग्रस्तांना धरणे धरून बसावे लागले. मराठी भाषेने एकाच धातूतून हे दोन शब्द घडवले, तेव्हा तिच्या मनात हे नसावे.

म्हणून आमच्या पुराविषयी बोलताना मी आता हिशेबाची सुरुवात नदीच्या वरच्या अंगापासून करतो. पहिले पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांचे देणे आधी, मग आमच्या उसाची भरपाई, मग विजेचे दर. हा क्रम भावाला मान्य नाही. तो म्हणतो, ''दादा, तू पगारदार आहेस.'' तेही खोटे नाही. त्याने यंदाही मळीतच लावण केली आहे, कारण तशी माती वर कुठे नाही.

भूगोलाच्या प्राध्यापकांच्या मातोश्री ऐंशीच्या घरात आहेत. गाव सुटले तेव्हा त्या परकऱ्या पोरी होत्या. दर लक्ष्मीपूजनाला ओट्यावर सगळ्या पणत्या मांडून झाल्या, की एक पणती त्या वेगळी काढतात आणि वायव्येला, कोयनेकडे तोंड करून ठेवतात. नातवाने एकदा विचारले, ''आजी, ही तिकडे का?''

''माझ्या माहेराला,'' त्या म्हणाल्या. ''तिथं आता कोण दिवा लावणार?''