विश्लेषण : कल्याणीनगर अपघात – माध्यमांच्या दबावाने काय साधले, काय बिघडले?

पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरील तरुण आणि तरुणी, दोघेही मूळचे मध्य प्रदेशातील संगणक अभियंते, यांचा मृत्यू झाला. मोटार चालवत होता बांधकाम व्यावसायिकाचा १७ वर्षांचा मुलगा. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पोलीस, रुग्णालय, बाल न्याय मंडळ आणि उच्च न्यायालय या साऱ्यांची कसोटी लागली. माध्यमांचीही लागली. पैसा आणि ओळखी यांच्या बळावर यंत्रणा वाकवली जात असेल, तर प्रसिद्धीचा दबाव न्यायाला मदत करतो का? या प्रकरणातून त्याची दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात.

संतापाची ठिणगी कशामुळे पडली?

अपघातानंतर अवघ्या १५ तासांत अल्पवयीन मुलाला जामीन मिळाला. रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे आणि १५ दिवस वाहतूक पोलिसांसोबत काम करणे, अशा अटी बाल न्याय मंडळाने घातल्या. दोन मृत्यू आणि एक निबंध, ही तुलना समाजमाध्यमांवर देशभर पसरली. मोटारीची कायमस्वरूपी नोंदणी झालेली नव्हती आणि त्यासाठीचे १,७५८ रुपयांचे शुल्कही भरलेले नव्हते, हे कळल्यावर रोष आणखी वाढला. सुरुवातीला निष्काळजीपणामुळे मृत्यूचे, म्हणजे भारतीय दंड विधानाचे ३०४ अ हे कलम लावले गेले. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांची. सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ नंतर जोडण्यात आले.

जामीन देणे बेकायदा होते का?

निबंधाची अट अनेकांना थट्टा वाटली. मात्र जामीन आणि अट हे वेगळे विषय आहेत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १२ नुसार गुन्हा अजामीनपात्र असला तरी अल्पवयीनाला जामीन देणे हाच नियम आहे. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, त्याला धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, तरच जामीन नाकारता येतो. प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याचा विचारही १६ ते १८ वयोगटासाठी आणि केवळ ‘निर्घृण’ गुन्ह्यांपुरता होतो. निर्घृण म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेची तरतूद असलेला गुन्हा. कलम ३०४ मध्ये कमाल शिक्षा मोठी आहे, पण अशी किमान शिक्षा नाही. असे गुन्हे ‘निर्घृण’ ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच स्पष्ट केले होते. या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. हे तपशील पहिल्या आठवड्यातील चर्चेत फारसे आले नाहीत.

दबावामुळे काय उजेडात आले?

दबावाचा खरा उपयोग पुराव्यांच्या बाबतीत झाला. मद्यप्राशनाच्या प्रकरणात रक्ताचा नमुना हा मुख्य पुरावा असतो आणि दर तासाला रक्तातील मद्याचे प्रमाण घटत जाते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर तो गुन्हा ठरतो. इथे ससून रुग्णालयात नमुना घेतला गेला तो अपघातानंतर सुमारे आठ तासांनी. पोलिसांनी त्याच दिवशी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. डीएनए तपासणीत दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे नसल्याचे निष्पन्न झाले.

ससूनमधील नमुना कचऱ्यात टाकून दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त प्रयोगशाळेत पाठवल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. २७ मे रोजी न्यायवैद्यकशास्त्र विभागाच्या प्रमुखांसह दोन डॉक्टरांना अटक झाली. त्याआधी वरिष्ठांना व नियंत्रण कक्षाला वेळेत माहिती न दिल्याबद्दल येरवडा पोलीस ठाण्यातील दोन अधिकारी निलंबित झाले होते. मोटार आपणच चालवत होतो असे सांगावे म्हणून कुटुंबाच्या चालकाला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून मुलाच्या आजोबांना अटक झाली. पुढे रक्तबदल प्रकरणात आई-वडील, दोन डॉक्टर, रुग्णालयातील एक कर्मचारी आणि दोन मध्यस्थ अशा सात जणांविरुद्ध सुमारे ९०० पानांचे आरोपपत्र दाखल झाले. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. प्रसिद्धी नसती तर काय झाले असते, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण देशाचे लक्ष असताना प्रकरण ठाण्याच्या पातळीवर मिटवणे अवघड झाले, एवढे घटनाक्रमावरून दिसते.

मग बिघडले कुठे?

रोष वाढल्यावर २२ मे रोजी मंडळाने आपलाच आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. ही मुदत नंतर वाढवण्यात आली. मुलाच्या आत्याने मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली. जामीन कायम असताना त्याच मुलाला कोंडून कसे ठेवता येईल, हा कळीचा मुद्दा होता. न्या. भारती डांगरे आणि न्या. मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठाने २५ जून रोजी ते आदेश बेकायदा ठरवून मुलाच्या सुटकेचा आदेश दिला. गुन्ह्याचे गांभीर्य आणि लोकक्षोभ मान्य करूनही कायदा आहे तसाच लागू करावा लागेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. लोकांना खूश करण्यासाठी घाईत उचललेले पाऊल महिनाभरात मागे घ्यावे लागले आणि त्याचा लाभ बचाव पक्षालाच झाला.

दुसरी चूक अफवांची. त्या मुलाची म्हणून शिवराळ रॅपची एक चित्रफीत पसरली. ती त्याची नव्हती, हे पोलिसांना खुलासा करून सांगावे लागले. अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करण्यास कलम ७४ मनाई करते. पालकांचे नाव छापले तरी मुलाची ओळख उघड होते, याचे भान त्या काळात क्वचितच राखले गेले.

सगळ्याच मृतांना एवढे लक्ष मिळते का?

नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, म्हणजे रोज सरासरी ४६२. पुण्याजवळच वाघोलीतील केसनंद फाटा येथे डिसेंबर २०२४ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघांचा जीव गेला, त्यात दोन चिमुकली होती. पोटासाठी अमरावतीकडून आलेली ही कुटुंबे. तिथे महागडी मोटार नव्हती, बडे घराणे नव्हते, त्यामुळे देशभर चर्चाही नव्हती. चालकाला अटक झाली. पण रात्री मजूर पदपथावर का झोपतात, हा प्रश्न बातमीबरोबरच विरला.

कोणते प्रश्न सतत विचारायला हवेत?

निकाल न्यायालयाने द्यायचा असतो. पुरावा टिकला का, हे मात्र पहिल्या दोन दिवसांतच विचारावे लागते. गुन्हा किती वाजता नोंदवला? रक्त कधी आणि कोणासमोर घेतले? नमुना कोणी मोहोरबंद केला? सीसीटीव्ही चित्रण जप्त झाले का? कल्याणीनगरनंतर दोनच महिन्यांच्या आत, ७ जुलै २०२४ रोजी, मुंबईत वरळी येथे मोटारीने दुचाकीला उडवले. राजकीय नेत्याचा मुलगा असलेला आरोपी दोन दिवसांनी हाती लागला. एवढ्या वेळाने घेतलेल्या रक्तातून मद्याचा अंश सापडणे कठीण असते. म्हणजे एका प्रकरणातील धडा दुसऱ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतरचे प्रश्न संथ आणि कंटाळवाणे आहेत : सुनावणी किती वेळा पुढे ढकलली, साक्षीदार टिकले का, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकांवर ठेवता येणाऱ्या जबाबदारीचे काय झाले? ओळखीपाळखीचा जोर चालतो तो याच काळात, कारण तेव्हा कॅमेरे निघून गेलेले असतात. ३०० शब्दांचा निबंध आज सगळ्यांच्या लक्षात आहे. मृतांच्या कुटुंबांना न्याय मिळणार की नाही, हे मात्र त्या ९०० पानांवर न्यायालयात काय होते, त्यावर ठरेल.